वैयक्तिक संकेतस्थळापुढे सीडीएन कसे बसवावे: प्रमाणपत्रापासून मागच्या दारापर्यंत

आमच्या आईच्या पाककृतींचे एक छोटे संकेतस्थळ मी सांभाळतो. एरवी तिथे तुरळक वर्दळ असते, पण गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी उकडीच्या मोदकांच्या पानावर एकदम झुंबड उडते. उकड काढायला घेतलेली असते, पाण्याचे प्रमाण आठवत नसते, आणि नेमके तेव्हाच पान उघडत नाही. एके वर्षी तर होस्टिंग कंपनीने ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वापर झाल्याचे कारण देऊन ऐन संध्याकाळी खातेच बंद ठेवले. नंतर सर्व्हरच्या नोंदी उघडून ओळीने वाचल्या, तेव्हा ध्यानात आले की मोदकांच्या पानासाठी आलेल्या विनंत्यांपेक्षा संकेतस्थळ ज्या वर्डप्रेस प्रणालीवर चालते तिच्या लॉगिन पानावर पासवर्ड ओळखू पाहणाऱ्या यंत्रांच्या विनंत्या कितीतरी जास्त होत्या. संकेतस्थळ मंद होते आणि असुरक्षितही होते, आणि या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच होते: जगातल्या प्रत्येक विनंतीला उत्तर देण्याचे काम एकट्या, दूर असलेल्या, अशक्त सर्व्हरवर पडत होते.

यावरचा उपाय म्हणजे सीडीएन (कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क), म्हणजे वाचक आणि संकेतस्थळ जिथे ठेवलेले आहे तो मूळ सर्व्हर यांच्यामध्ये उभे राहून जगभरातल्या केंद्रांतून पाने देणारे जाळे. मात्र तो अर्धवट बसवला तर फसवा ठरतो. ब्राउझरमध्ये कुलपाचे चिन्ह दिसते, पाने भराभर उघडतात, आणि तरीही सीडीएनपासून मूळ सर्व्हरपर्यंतचा रस्ता उघडा असतो किंवा मूळ सर्व्हरचा पत्ता कोणालाही सापडण्यासारखा असतो. त्यामुळे कोणते बटण कुठे आहे यापेक्षा कोणते काम कशानंतर करायचे, यावर या लेखात भर दिला आहे. उदाहरण क्लाउडफ्लेअर या सीडीएन कंपनीच्या मोफत योजनेचे घेतले आहे, कारण वैयक्तिक संकेतस्थळांसाठी मी तीच वापरतो. इतर सेवांमध्ये पडद्यावरची नावे वेगळी असतील, कामांचा क्रम जवळपास हाच राहील.

आधी हे समजून घ्या

काचतंतूच्या केबलमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो. मुंबईपासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतचे सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर आहे, म्हणजे एका जाण्या-येण्याला भौतिकशास्त्राच्या नियमानेच सव्वाशे मिलिसेकंद लागणार. समुद्राखालची केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात हा आकडा दोनशेच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. नवीन वाचकाचे पहिले पान उघडताना अशा किमान तीन फेऱ्या होतात: पहिली जोडणी उभारण्यासाठी, दुसरी टीएलएस १.३ पद्धतीने सांकेतिक कुलूप ठरवण्यासाठी आणि तिसरी प्रत्यक्ष पान मागण्यासाठी. सर्व्हरने एक क्षणही विचार केला नाही असे मानले, तरी पहिले अक्षर दिसण्याआधी अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ निव्वळ प्रवासात जातो.

सीडीएन या प्रवासालाच हात घालते. तुमच्या डोमेनचे नाव विचारले गेले की मूळ सर्व्हरच्या आयपी पत्त्याऐवजी सीडीएनचा पत्ता सांगितला जातो, आणि तो एकच पत्ता जगभरातल्या अनेक केंद्रांतून एकाच वेळी जाहीर केलेला असल्यामुळे वाचक सहसा जवळच्या केंद्रात पोहोचतो. क्लाउडफ्लेअरने मुंबई, चेन्नई आणि दिल्लीत २०१५ मध्ये केंद्रे सुरू केली. पुण्यातल्या वाचकाची जोडणी मुंबईत पूर्ण होते, मेलबर्नमधल्या वाचकाची तिकडेच होते, आणि जी फाइल केंद्रात आधीच साठवलेली आहे ती तिथूनच दिली जाते. शिवाय हल्ला करणाऱ्याची विनंतीही आधी याच केंद्रात येत असल्यामुळे ती तिथेच अडवता येते. वेग आणि संरक्षण एकाच जागी मिळतात ते यामुळे.

अमुक एक वाचक कोणत्या केंद्रात पोहोचतो हे मात्र त्याची इंटरनेट कंपनी आणि सीडीएन यांच्यातल्या जोडण्यांवर ठरते. मोफत योजनेत कधीकधी मुंबईच्या वाचकालाही सिंगापूरमधून पान मिळते. ते कसे ओळखायचे हे पुढे येईलच.

पायरी पहिली: आजची स्थिती मोजून ठेवा

काहीही बदलण्यापूर्वी संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये आपले संकेतस्थळ उघडा, एफ१२ कळ दाबून नेटवर्क हा विभाग निवडा, कॅश (ब्राउझरने आधी साठवलेल्या प्रती) बंद ठेवण्याच्या चौकटीत खूण करा आणि पान पुन्हा उघडा. सर्वांत वरच्या ओळीवर टिचकी मारल्यावर वेळेचा तपशील दिसतो. त्यात सर्व्हरच्या पहिल्या प्रतिसादाची वाट पाहण्यात गेलेला वेळ आणि पानाचे एकूण वजन, हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा. गूगलच्या निकषांनुसार पहिला प्रतिसाद ०.८ सेकंदाच्या आत आणि पानावरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसला, तर पान चांगले मानले जाते. हीच मोजणी मोबाइलच्या इंटरनेटवर आणि शक्य असल्यास परदेशातल्या एखाद्या नातेवाइकाकडून करून घ्या. हे आकडे नसतील, तर नंतर काय सुधारले आणि काय बिघडले हे सांगता येत नाही.

पायरी दुसरी: मूळ सर्व्हरवर प्रमाणपत्र

प्रमाणपत्र म्हणजे सर्व्हरची ओळख पटवून जोडणी सांकेतिक करू देणारी फाइल. बहुतेकजण ही पायरी शेवटी करतात किंवा करतच नाहीत, म्हणून मी ती मुद्दाम आधी घेतो. सीडीएन वापरताना जोडणीचे दोन तुकडे होतात: वाचक ते सीडीएन आणि सीडीएन ते मूळ सर्व्हर. पहिल्या तुकड्यासाठीचे प्रमाणपत्र क्लाउडफ्लेअर २०१४ पासून सर्वांना मोफत देते. दुसऱ्या तुकड्याची जबाबदारी तुमची आहे.

इथे दोन पर्याय आहेत. क्लाउडफ्लेअर स्वतः मूळ सर्व्हरसाठी १५ वर्षांपर्यंत चालणारे एक प्रमाणपत्र देते, पण त्यावर विश्वास ठेवते ते फक्त क्लाउडफ्लेअर. सीडीएन बाजूला काढले की ब्राउझर लगेच धोक्याचा इशारा दाखवतो. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे मोफत प्रमाणपत्र कमी मुदतीचे असते आणि आपोआप नूतनीकरणाची सोय करावी लागते, पण ते सगळ्या ब्राउझरांना चालते. मी नेहमी दुसरा पर्याय घेतो, आणि त्याचे खरे कारण लेखाच्या शेवटी स्पष्ट होईल. सामायिक होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांची संकेतस्थळे असतात तिथे) बहुधा नियंत्रण पॅनेलमध्येच हे प्रमाणपत्र एका बटणावर मिळते. स्वतःच्या सर्व्हरवर सर्टबॉट हे साधन वापरावे. सीडीएन नसतानाच संकेतस्थळ एचटीटीपीएसने (सुरक्षित जोडणीने) विनातक्रार उघडते आहे, याची खात्री करूनच पुढे जा.

पायरी तिसरी: डीएनएस हलवणे

क्लाउडफ्लेअरवर खाते उघडून डोमेनचे नाव दिले की ते तुमच्या सध्याच्या डीएनएस नोंदी (डोमेनचे नाव कोणत्या पत्त्यावर जाते हे सांगणाऱ्या) शोधून त्यांची यादी समोर ठेवते. ही यादी पूर्ण आहे असे गृहीत धरू नका. नोंदींची नावे अंदाजाने विचारूनच शोध घेतला जातो, त्यामुळे वेगळ्या नावाच्या नोंदी सुटतात. माझ्या बाबतीत ईमेल खरोखर आपल्याच डोमेनवरून आल्याचे पटवणारी डीकेआयएम नोंद सुटली होती. पत्रे जात होती, कुठेही त्रुटीचा संदेश येत नव्हता, पण समोरच्याच्या स्पॅमच्या कप्प्यात पडत होती, आणि कारण सापडेपर्यंत आठवडा गेला. तेव्हापासून जुन्या डीएनएस पॅनेलचे पान एका बाजूला आणि नवी यादी दुसऱ्या बाजूला ठेवून प्रत्येक ओळ बोटाने जुळवण्याची सवय मी लावून घेतली आहे. जुन्या नोंदींची फाइलही उतरवून ठेवावी.

नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी सांगणारे सर्व्हर) बदलण्याआधी आणखी एक गोष्ट तपासायची आहे. डोमेनवर डीएनएसएसईसी (नोंदींवर सही करून त्या खऱ्या असल्याची खात्री देणारी सोय) चालू असेल, तर जिथून डोमेन घेतले तिथल्या पॅनेलमध्ये ते आधी बंद करा, किमान एक-दोन दिवस थांबा आणि मगच नेमसर्व्हर बदला. जुनी सही आणि नवे नेमसर्व्हर जुळले नाहीत, तर सही तपासणाऱ्या डीएनएस सेवांच्या दृष्टीने तुमचे डोमेन अवैध ठरते आणि अनेक वाचकांना संकेतस्थळ सापडतच नाही. स्थलांतर पार पडल्यावर क्लाउडफ्लेअरमधून ते नव्याने चालू करता येते, आणि करावे.

नोंदींच्या यादीत प्रत्येक ओळीपुढे ढगाचे चिन्ह असते. नारिंगी ढग म्हणजे विनंती सीडीएनमधून जाणार, करडा ढग म्हणजे फक्त पत्ता सांगितला जाणार. सुरुवातीला सगळे ढग करडे ठेवा. मग डोमेनच्या पॅनेलमध्ये क्लाउडफ्लेअरने दिलेले दोन नेमसर्व्हर भरा. डॉट कॉमसारख्या डोमेनांच्या नेमसर्व्हरची माहिती जगभरातल्या डीएनएस सेवा दोन दिवसांपर्यंत लक्षात ठेवतात, त्यामुळे या काळात काही वाचक जुन्या नेमसर्व्हरला विचारतील आणि काही नव्या. दोन्हीकडच्या नोंदी सारख्या असल्या तर कोणालाही फरक जाणवत नाही. जुन्या ठिकाणच्या नोंदी निदान आठवडाभर पुसू नका.

पायरी चौथी: एसएसएलचा प्रकार, आणि मगच नारिंगी ढग

क्लाउडफ्लेअरच्या एसएसएल (टीएलएसचे जुने, अजूनही रूढ असलेले नाव) विभागात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. फ्लेक्सिबल प्रकारात वाचक ते सीडीएन हा रस्ता सुरक्षित असतो, पण सीडीएन ते मूळ सर्व्हर हा रस्ता साध्या एचटीटीपीचा असतो. म्हणजे तुम्ही वर्डप्रेसमध्ये भरलेला पासवर्ड अर्ध्या जगातून उघडा प्रवास करतो आणि ब्राउझरमध्ये कुलूप मात्र दिसत राहते. वाचकाला दिलेले हे खोटे आश्वासन आहे, आणि तो प्रकार कोणत्याही कारणासाठी वापरू नये असे माझे ठाम मत आहे. फुल प्रकारात दुसरा रस्ताही सांकेतिक होतो, पण समोरचे प्रमाणपत्र खरे आहे का हे पाहिले जात नाही. फुल स्ट्रिक्ट प्रकारात तेही तपासले जाते. दुसऱ्या पायरीत प्रमाणपत्र बसवलेले असल्यामुळे तुम्ही निर्धास्तपणे फुल स्ट्रिक्ट निवडू शकता. प्रकार आपोआप ठरवण्याची सोयही दिसेल. तिच्यावर न विसंबता निवड हाताने करून ठेवा.

संकेतस्थळ उघडताना पान पुन्हापुन्हा स्वतःकडेच वळते आणि शेवटी ब्राउझर हार मानतो, अशी तक्रार फार ठिकाणी ऐकू येते. ती बहुधा फ्लेक्सिबलमुळेच असते: सीडीएन एचटीटीपीने विचारते, मूळ सर्व्हर एचटीटीपीएसने या म्हणतो, वाचक तसाच परत येतो आणि सीडीएन पुन्हा एचटीटीपीनेच विचारते. यावर प्लगइन (वर्डप्रेसची जोडसाधने) शोधत बसू नका, प्रकार बदला.

वाचकांकडच्या रस्त्यासाठीचे प्रमाणपत्र तयार होऊन सक्रिय झाल्याचे त्याच विभागात दिसते. त्याला काही मिनिटांपासून एक दिवसापर्यंत वेळ लागू शकतो. ते सक्रिय दिसल्यावरच मुख्य डोमेन आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू या दोन नोंदींचे ढग नारिंगी करा. हे मोफत प्रमाणपत्र मुख्य डोमेन आणि त्याखालच्या पहिल्या पातळीच्या उपडोमेनांनाच लागू पडते. त्याच्याही खालचे उपडोमेन वापरत असाल तर ते करडेच ठेवावे लागेल. ईमेलच्या सर्व्हरचे नाव आणि एफटीपी किंवा एसएसएचसाठी (फाइली चढवायला किंवा सर्व्हरवर दुरून काम करायला) वापरायचे नाव यांचेही ढग करडेच राहिले पाहिजेत, कारण नारिंगी ढगातून वेबची वाहतूकच पुढे जाते.

यानंतर सर्व विनंत्या एचटीटीपीएसकडे वळवण्याची सोय चालू करा आणि टीएलएसची किमान आवृत्ती १.२ ठेवा. एचएसटीएस ही सोय मात्र घाईने चालू करू नका. या डोमेनवर फक्त सुरक्षित जोडणीनेच यायचे असा हुकूम तिच्यामुळे वाचकाच्या ब्राउझरमध्ये लिहिला जातो, आणि नंतर प्रमाणपत्रात गडबड झाली तर वाचकाला इशारा ओलांडूनही आत येता येत नाही. महिनाभर सगळे सुरळीत चालल्यावर कमी मुदतीने सुरुवात करावी.

पायरी पाचवी: वाचकाचा खरा पत्ता

सीडीएन मध्ये आल्यापासून मूळ सर्व्हरच्या नोंदींत सगळ्या विनंत्या क्लाउडफ्लेअरच्याच पत्त्यांवरून आलेल्या दिसतात. याकडे दुर्लक्ष केले तर एक घातक परिणाम होतो. चुकीचा पासवर्ड देणाऱ्या पत्त्याला बंदी घालणारे एखादे सुरक्षा प्लगइन बसवलेले असेल, तर ते हल्लेखोराऐवजी क्लाउडफ्लेअरच्या पत्त्यालाच बंदी घालते आणि त्या केंद्रातून येणारे सगळे प्रामाणिक वाचक बाहेर राहतात. वाचकाचा खरा पत्ता सीएफ-कनेक्टिंग-आयपी या हेडरमध्ये (विनंतीबरोबर जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) येतो. सर्व्हरचे सॉफ्टवेअर एनजिनएक्स असेल तर रिअल आयपी आणि अपाचे असेल तर रिमोट आयपी या मॉड्यूलला हे हेडर वाचायला सांगा; सामायिक होस्टिंगवर सुरक्षा प्लगइनच्या सेटिंगमध्ये तसा पर्याय शोधा. हे हेडर फक्त क्लाउडफ्लेअरच्या पत्त्यांवरून आले तरच खरे मानावे, नाहीतर कोणीही स्वतःच्या विनंतीत हवा तो पत्ता लिहून पाठवू शकतो.

पायरी सहावी: काय साठवायचे आणि काय नाही

क्लाउडफ्लेअर मूळ सेटिंगमध्ये चित्रे, शैलीपत्रके, स्क्रिप्ट, फॉन्ट आणि पीडीएफ यांसारख्या फाइली साठवते, पण एचटीएमएल पान साठवत नाही. सीडीएन लावूनही पहिला प्रतिसाद तितकाच मंद, अशी अनेकांची निराशा होते ती यामुळे. कोणतेही पान उघडून नेटवर्क विभागात त्याची प्रतिसादाची हेडर पाहा. सीएफ-कॅश-स्टेटस या ओळीत हिट असेल तर फाइल केंद्रातून आली, मिस असेल तर या वेळी मूळ सर्व्हरकडून आणली आणि साठवली, डायनॅमिक असेल तर ती साठवण्यायोग्यच मानली गेली नाही. जवळच सीएफ-रे नावाची ओळ असते आणि तिच्या शेवटी केंद्राच्या शहरातल्या विमानतळाचा तीन अक्षरी संकेत असतो. तिथे बीओएम दिसले तर पान मुंबईतून आले, एसआयएन दिसले तर सिंगापूरमधून.

ह्यूगो किंवा जेकिलसारख्या साधनाने बनवलेले, फक्त वाचण्याचे संकेतस्थळ असेल, तर एचटीएमएलही बेधडक साठवायला सांगा. वर्डप्रेसमध्ये सावधपणा हवा, कारण लॉगिन केलेल्या माणसाला दिसणारे पान चुकून साठवले गेले, तर संपादकासाठीची काळी पट्टी आणि अप्रकाशित मसुद्यांचे दुवे अनोळखी वाचकालाही दिसू शकतात. कॅशच्या नियमांत एकच नियम असा लिहा की यजमान नाव (डोमेन) तुमचे असावे, मार्ग डब्ल्यूपी-अ‍ॅडमिनने किंवा डब्ल्यूपी-लॉगिनने सुरू होत नसावा, पत्त्यातल्या प्रश्नचिन्हानंतरच्या भागात प्रीव्ह्यू हा शब्द नसावा, आणि कूकीमध्ये (संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणेत) वर्डप्रेस-लॉग्ड-इन किंवा कॉमेंट-ऑथर यांपैकी काहीही नसावे. ही नावे ब्राउझरमध्ये जशी दिसतात तशीच, अंडरस्कोरसह, उतरवून घ्या. या अटी पूर्ण करणारी पानेच साठवण्यायोग्य ठरतील. दुकान, सदस्यत्व किंवा प्रत्येकाला वेगळा मजकूर दाखवणारे पान असेल, तर हा नियम लावू नका.

मुदतीबाबत माझा अनुभव असा की केंद्रातली मुदत चार तास आणि वाचकाच्या ब्राउझरमधली मुदत काही मिनिटे ठेवणे बरे. केंद्रातली प्रत तुम्हाला हवी तेव्हा पुसता येते. वाचकाच्या ब्राउझरमधली प्रत पुसणे तुमच्या हातात नसते, आणि नारळाऐवजी गुळाचे प्रमाण चुकून दुप्पट छापले गेले असेल, तर ती चूक त्याच्याकडे मुदत संपेपर्यंत राहते. शिवाय वर्डप्रेसच्या अनेक फॉर्ममध्ये बारा ते चोवीस तासांत बाद होणारे एक गुप्त चिन्ह असते. पान त्याहून जास्त काळ साठवले तर संपर्काचा फॉर्म भरणाऱ्याला कारण न कळता नकार मिळतो. नवे लिखाण प्रकाशित झाले की साठवलेल्या प्रती आपोआप पुसणारे क्लाउडफ्लेअरचे अधिकृत प्लगइन बसवून घ्या.

प्रत्येक केंद्राची साठवण वेगळी असते, आणि फार मागणी नसलेल्या फाइली मुदतीआधीच काढून टाकल्या जातात. त्यामुळे कमी वाचकांच्या संकेतस्थळावर मिस वारंवार दिसणे स्वाभाविक आहे. टिअर्ड कॅश ही सोय चालू केली, तर लहान केंद्रे मूळ सर्व्हरकडे जाण्याआधी एका मोठ्या केंद्राला विचारतात. मोफत योजनेतही ती मिळते आणि अशा संकेतस्थळांना तिचा खरा उपयोग होतो. स्क्रिप्ट पुढेमागे करणारी रॉकेट लोडरसारखी सोय मात्र मी बंद ठेवतो, कारण तिच्यामुळे मेनू किंवा चित्रांची मालिका बिघडल्याचे मी पाहिले आहे.

मराठी पानांसाठी थोडे वेगळे

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, रोमन अक्षराला एक. म्हणून तेवढ्याच लांबीचे मराठी पान मुळात जड असते, पण त्या तीन बाइटांतला बराच भाग पुन्हापुन्हा तोच येत असल्यामुळे ते दाबले जाते फार छान. प्रतिसादाच्या हेडरमध्ये कंटेंट-एन्कोडिंगच्या ओळीत बीआर, झेडएसटीडी किंवा जीझिप या दाबण्याच्या पद्धतींपैकी काहीतरी दिसते आहे ना, एवढे पाहा.

खरे ओझे फॉन्टचे असते. जोडाक्षरांसाठी देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो जादा आकार ठेवावे लागतात, त्यामुळे त्याची फाइल नुसत्या रोमन फॉन्टपेक्षा बरीच मोठी होते. पूर्वी एखाद्या प्रसिद्ध फॉन्टसेवेकडून फॉन्ट घेतला तर तो वाचकाकडे दुसऱ्या संकेतस्थळामुळे आधीच उतरलेला असण्याची शक्यता होती. क्रोमने २०२० मध्ये प्रत्येक संकेतस्थळाची साठवण वेगळी केल्यापासून तो फायदा उरलेला नाही. आता फॉन्ट डब्ल्यूओएफएफ२ प्रकारात स्वतःच्याच डोमेनवर ठेवणे चांगले: एका वेगळ्या सर्व्हरची जोडणी वाचते आणि सीडीएनच्या केंद्रातून तो वर्षभराच्या मुदतीने देता येतो. दोनच वजने ठेवा, साधे आणि ठळक. फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या फॉन्टने मजकूर दिसेल अशी सूचना शैलीपत्रकात लिहा.

पानाचा पत्ता देवनागरीत ठेवला असेल, तर प्रत्यक्ष विनंतीत प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरे होतात, कारण प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. एखाद्या पानाची साठवलेली प्रत पुसायची असेल तेव्हा तो पत्ता हाताने टंकू नका, ब्राउझरमधून उचलून चिकटवा.

पायरी सातवी: दारावरचे नियम

मोफत योजनेत स्वतःचे पाच फायरवॉल नियम (नको त्या विनंत्या अडवणारे) लिहिता येतात, आणि वैयक्तिक संकेतस्थळाला ते पुरतात. पहिला नियम लॉगिनच्या पानासाठी: मार्ग डब्ल्यूपी-लॉगिन डॉट पीएचपी असेल आणि विनंती भारताबाहेरून येत असेल, तर मॅनेज्ड चॅलेंज (समोर माणूस आहे की यंत्र हे पाहणारी चाचणी) द्या. सरळ बंदी घालण्यापेक्षा हे बरे, कारण माझी बहीण परदेशातून आईच्या पाककृती दुरुस्त करते आणि तिला ती चाचणी सहज पार करता येते. दुसरा नियम बाहेरच्या साधनांना वर्डप्रेसशी जोडणाऱ्या एक्सएमएलआरपीसी डॉट पीएचपी या फाइलसाठी: जेटपॅक हे प्लगइन किंवा वर्डप्रेसचे मोबाइल अ‍ॅप वापरत नसाल तर तिच्यावर पूर्ण बंदी घाला. आमच्या नोंदींमधल्या नको त्या विनंत्यांचा मोठा भाग या दोन नियमांनीच थांबला. डब्ल्यूपी-अ‍ॅडमिनच्या संपूर्ण मार्गावर चाचणी लावण्याचा मोह होईल, पण त्याच मार्गातली अ‍ॅडमिन-एजॅक्स ही फाइल सामान्य वाचकांच्या पानांनाही लागते. तिला वगळल्याशिवाय तो नियम लावू नका.

वेगमर्यादेचा एक नियम मोफत मिळतो आणि त्यात दहा सेकंदांच्या खिडकीत विनंत्या मोजल्या जातात. तो लॉगिनच्या पानालाच वापरा: दहा सेकंदांत पाचाहून जास्त विनंत्या करणारा माणूस नसतो. यंत्रांच्या विनंत्या अडवणारी बॉट फाइट मोड ही सोय चालू केल्यावर आरएसएस वाचणारी साधने आणि संकेतस्थळ चालू आहे का हे पाहणारी सेवा अडकत नाहीत ना, हे काही दिवस सुरक्षेच्या नोंदींत तपासा, कारण मोफत योजनेत तिला अपवाद लिहून देता येत नाहीत. अंडर अटॅक मोड प्रत्येक वाचकाची चाचणी घेतो. तो प्रत्यक्ष हल्ल्याच्या वेळेपुरताच ठेवावा.

पायरी आठवी: मागचे दार

आतापर्यंत केलेले सगळे काम एका साध्या गोष्टीने निष्फळ होऊ शकते: मूळ सर्व्हरचा आयपी पत्ता माहीत असलेला कोणीही सीडीएनला वळसा घालून थेट त्यावर येऊ शकतो. हा पत्ता लपलेला असतो असे मानू नका. डीएनएसचा जुना इतिहास साठवणाऱ्या सेवा आहेत. त्याच सर्व्हरवरून ईमेल जात असेल तर पत्राच्या हेडरमध्ये तो छापलेला असतो. आणि करड्या ढगाची एखादी विसरलेली नोंद तो उघड सांगत असते. शक्य असेल तर स्थलांतरानंतर होस्टिंग कंपनीकडून नवा पत्ता मागून घ्या आणि ईमेल वेगळ्या सेवेवर न्या.

स्वतःचा सर्व्हर असेल, तर क्लाउडफ्लेअरने जाहीर केलेल्या पत्त्यांच्या यादीतूनच ८० आणि ४४३ या पोर्टवर (एचटीटीपी आणि एचटीटीपीएसच्या दारांवर) येऊ द्यायचे, बाकी सर्वांना नकार द्यायचा, असा नियम फायरवॉलमध्ये लिहा. तो लागू करण्याआधी एसएसएचसाठीची परवानगी लिहिलेली आहे हे दोनदा पाहा, नाहीतर तुम्हीच बाहेर अडकाल. पोर्ट ८० बंद करू नका, कारण लेट्स एन्क्रिप्टच्या नूतनीकरणाची तपासणी त्याच वाटेने येते. नियम लागल्यावर मोबाइलच्या इंटरनेटवरून थेट आयपी पत्ता उघडून पाहा. काहीच उघडले नाही तर काम झाले.

सामायिक होस्टिंगवर फायरवॉल तुमच्या हातात नसते. तिथे मी अशी युक्ती करतो: क्लाउडफ्लेअरच्या ट्रान्सफॉर्म रूल्समध्ये (विनंतीत बदल करणाऱ्या नियमांत), मूळ सर्व्हरकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीला माझ्या पसंतीच्या नावाचे एक हेडर आणि त्यात लांबलचक गुप्त अक्षरमाला जोडायला सांगतो, आणि सर्व्हरचे नियम लिहिण्याच्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये ते हेडर नसलेल्या विनंतीला नकार देतो. फुल स्ट्रिक्ट निवडलेले असल्यामुळे ही अक्षरमाला वाटेत कोणाला वाचता येत नाही. नुसत्या पत्त्यांच्या यादीत न मिळणारा एक फायदाही यात आहे: क्लाउडफ्लेअरचा दुसरा एखादा ग्राहक तुमच्या सर्व्हरकडे बोट दाखवून त्यांच्याच पत्त्यांवरून आत येऊ पाहील, तर त्यालाही ही अक्षरमाला माहीत नसते. म्हणून स्वतःच्या सर्व्हरवरही मी दोन्ही उपाय एकत्र ठेवतो.

घरातल्या जुन्या संगणकावर किंवा रास्पबेरी पायवर संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठी क्लाउडफ्लेअर टनेल सोयीचा आहे. त्यात आतूनच बाहेर जोडणी जाते, राउटरवर कोणतेही पोर्ट उघडावे लागत नाही, आणि इंटरनेट कंपनीने तुम्हाला इतरांबरोबर सामायिक पत्ता दिलेला असला तरी काम होते.

मर्यादा आणि बाहेर पडण्याची वाट

सीडीएन वाचकाची विनंती उलगडून पाहते, म्हणून ते वाचक आणि तुम्ही यांच्यामध्ये सगळे वाचू शकणाऱ्या तिसऱ्या पक्षासारखे असते. पाककृतींच्या किंवा प्रवासवर्णनांच्या संकेतस्थळाला ही तडजोड मला मान्य आहे; लोकांची खाजगी कागदपत्रे किंवा आजारपणाची माहिती गोळा करणाऱ्या संकेतस्थळासाठी मी ती दहा वेळा विचार केल्याशिवाय करणार नाही. मोफत योजनेत एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठी फाइल चढवता येत नाही, आणि मुख्यतः व्हिडिओ वाटण्यासाठी ती वापरायची परवानगी नाही. जुन्या प्लगइनमधली भोके आणि दुबळा पासवर्ड यांवर सीडीएन हा इलाज नाही. अद्यतने, दुहेरी पडताळणी आणि बॅकअप ही कामे पूर्वीसारखीच तुमच्याकडे राहतात.

शिवाय सीडीएनही बंद पडते. ८ जून २०२१ रोजी फास्टलीच्या बिघाडाने अनेक मोठी वृत्तस्थळे एकदम गेली होती. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरच्याच एका अंतर्गत फाइलचा आकार अनपेक्षितपणे वाढल्याने असंख्य संकेतस्थळे तासन्‌तास त्रुटी दाखवत राहिली आणि अनेकांना नियंत्रण पॅनेलमध्येही शिरता येईना. अशा वेळी ढग करडा करण्याचे बटणही हाताशी नसते. म्हणून डोमेन सीडीएनपेक्षा वेगळ्या कंपनीकडे ठेवा, आणि क्लाउडफ्लेअरमधून डीएनएस नोंदींची फाइल दर दोन-तीन महिन्यांनी उतरवून स्वतःच्या संगणकावर ठेवा. गरज पडली तर दुसऱ्या डीएनएस सेवेवर ती फाइल चढवून डोमेनच्या पॅनेलमध्ये नेमसर्व्हर बदलता येतात. हा बदल सगळीकडे पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे तासा-दोन तासांच्या बिघाडात थांबणेच शहाणपणाचे; लांबलेल्या बिघाडात किंवा खाते अडकल्यास हीच वाट उरते. त्या वेळी मूळ सर्व्हरवर सगळ्या ब्राउझरांना चालणारे प्रमाणपत्र असणे अत्यावश्यक ठरते, आणि दुसऱ्या पायरीत लेट्स एन्क्रिप्ट निवडण्याचे कारण तेच. आठव्या पायरीत बंद केलेले मागचे दारही त्या वेळी उघडावे लागेल, म्हणून फायरवॉल आणि एचटीअ‍ॅक्सेसमधल्या ओळी कोणत्या आणि त्या कशा काढायच्या, हे डोमेनच्या पासवर्डशेजारी कागदावर लिहून ठेवा.